चिमुकल्या 'बेंगॉल'ची झुंज

मित्रांनो, क्रिकेटची खेळपट्टी किती लांब असते, ठाऊक आहे ना? २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. अशा तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या, तर जेवढी लांबी होईल, तिच्याहूनही थोडी आखूड अशी एक लढाऊ बोट होती. लांबी अवघी १८६ फूट. तिच्यावर धड म्हणावी अशी एकच तोफ. आणि या बोटीची गाठ एके दिवशी भर समुद्रात दोन अवाढव्य शत्रू-जहाजांशी पडली!

पळून जाणं शक्य होतं का? नव्हतंच म्हणा. पण या बोटीनं पळायचा विचारसुद्धा केला नाही. तिनं जे केलं, ते ऐकून आजही दर्यावर्दी माणसं मान डोलावतात.

त्या बोटीचं नाव 'बेंगॉल'. पूर्ण नाव एच. एम. आय. एस. बेंगॉल. एच. एम. आय. एस. म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', राजेसाहेबांची भारतीय बोट. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं आणि आपल्या आरमाराचं नाव होतं 'रॉयल इंडियन नेव्ही'. ही गोष्ट आहे १९४२ सालची.

राखणदार बोटी

आधी एक गोष्ट समजावून घेऊ. लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तोफा, विमानं, रणगाडे येतात. पण या सगळ्यांना लागतं तेल. सैनिकांना लागतं धान्य, कपडे, औषधं. दुसऱ्या महायुद्धात हे सगळं सामान साध्या मालवाहू जहाजांतून समुद्रमार्गे जाई. या जहाजांवरचे खलाशी काही सैनिक नव्हते. शत्रूला हे पक्कं माहीत होतं. जहाजं बुडवा, म्हणजे सैन्य आपोआप उपाशी मरेल, असा त्याचा हिशेब.

यावर तोडगा म्हणून मालवाहू जहाजं एकेकटी न पाठवता ताफ्यानं पाठवायला सुरुवात झाली. ताफ्याच्या भोवती लढाऊ बोटींची राखण. आता तुम्ही म्हणाल, इतकी जहाजं एकत्र गेली तर शत्रूला ती पटकन सापडणार नाहीत का? गंमत अशी की, उलटंच घडतं! लपंडाव आठवा. तीस मुलं तीस ठिकाणी लपली, तर ज्याच्यावर राज्य आहे त्याला कुणी ना कुणी सापडणारच. पण तिसांच्या तिसांनी एकाच माळ्यावर दडी मारली तर? बाकी सगळं घर रिकामं! बिचारा शोधून शोधून थकेल. समुद्र तर घरापेक्षा कितीतरी अफाट. तिथं तीस जहाजांचा ताफा शोधणं हे एक जहाज शोधण्याइतकंच अवघड असतं. आणि सापडलाच, तर राखणदार आहेतच. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये ब्रिटननं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि बुडणाऱ्या जहाजांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं.

राखणदार बोटीचं काम मोठं कष्टाचं. ताफ्याचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत मंद जहाजाचा वेग. म्हणजे बैलगाडीबरोबर सायकल चालवायची! दिवसरात्र डोळ्यांत तेल घालून टेहळणी करायची. आणि शत्रू आलाच, तर त्याच्या आणि मालवाहू जहाजाच्या मध्ये आपण उभं राहायचं. किती शत्रू बुडवले, यावर राखणदाराची परीक्षा होत नाही. ज्याला सांभाळायला घेतलं ते सुखरूप पोहोचलं की नाही, यावर होते.

सिडनीत जन्म

'बेंगॉल' बांधली गेली ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या कोकाटू गोदीत. 'बाथर्स्ट' जातीच्या अशा साठ बोटी ऑस्ट्रेलियात तयार झाल्या. त्यांतल्या चार आपल्या आरमारासाठी होत्या: बेंगॉल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. त्यांचं मूळ काम होतं समुद्रात पेरलेले पाणसुरुंग शोधून काढणं. पण युद्धात बोटी नेहमीच कमी पडतात. त्यामुळे सुरुंग काढा, पाणबुड्या हुडका, ताफ्याची राखण करा, पडेल ते काम या बोटी करत.

'बेंगॉल' आरमारात दाखल झाली ऑगस्ट १९४२ मध्ये. हा महिना ऐकल्यावर काही आठवलं? त्याच महिन्यात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र दिला आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या बड्या नेत्यांना अटक झाली. इकडे देश इंग्रजांना 'चालते व्हा' म्हणत होता आणि तिकडे आपलेच खलाशी इंग्रजांच्या झेंड्याखाली समुद्रावर निघाले होते. विचित्र काळ होता तो. पण संकटही खरं होतं. फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती गेलं होतं. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले होते. आपल्या विशाखापट्टणम आणि काकिनाडा बंदरांवरही बॉम्ब पडले होते. युद्ध उंबरठ्यावर आलं होतं!

पहिलाच मोठा प्रवास

नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'बेंगॉल' ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटल बंदरातून निघाली. तिला हिंदी महासागर ओलांडून, दिएगो गार्सिया बेटावर थांबा घेऊन मुंबईला यायचं होतं. सोबत होतं 'ओंडिना' नावाचं डच तेलवाहू जहाज. ते इराणमधल्या अबादानला तेल भरायला चाललं होतं. ताफा म्हणाल तर एवढाच. एक जहाज आणि एक राखणदार!

बोटीचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. खाली काम करणारे खलाशी भारतीय. अशा बोटीवर साधारण ८५ माणसं असत. मुख्य तोफ एकच, तिला म्हणत 'बारा-पौंडी', कारण तिचा गोळा बारा-तेरा पौंडांचा, म्हणजे सहा किलोच्या आतबाहेर. याशिवाय विमानांवर मारा करण्यासाठी काही छोट्या ओर्लिकन तोफा. 'ओंडिना'वरही मागच्या बाजूला एक तोफ बसवली होती. ती चार इंची, 'बेंगॉल'च्या तोफेपेक्षा मोठी! पण तिच्यासाठी गोळे होते फक्त ३२. ती चालवायला ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन गोलंदाज. त्यांचा प्रमुख होता बर्ट हॅमंड नावाचा ऑस्ट्रेलियन खलाशी.

क्षितिजावर ठिपका

११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, जमिनीपासून शेकडो मैल दूर. दुपार होत आली होती. पावणेबाराच्या सुमारास 'बेंगॉल'च्या टेहळ्याला समोर एक जहाज दिसलं. पाठोपाठ दुसरं. दोन्ही मोठी आणि सरळ आपल्याच रोखानं येणारी.

ती होती जपानी जहाजं 'होकोकु मारू' आणि 'आयकोकु मारू'. मुळात ती प्रवासी आणि माल नेणारी जहाजं. युद्धात त्यांच्यावर तोफा चढवून त्यांना शिकारी जहाजं बनवलं होतं. एकटंदुकटं मालवाहू जहाज गाठायचं आणि बुडवायचं किंवा पळवून न्यायचं, हे त्यांचं काम. त्याच वर्षी हिंदी महासागरात त्यांनी ब्रिटिश 'एलिसिया' बुडवलं होतं आणि डच 'गेनोटा' व न्यूझीलंडचं 'हौराकी' पकडून नेलं होतं. नावांचा अर्थ ऐकून नवल वाटेल. 'होकोकु' म्हणजे देशाचं ऋण फेडणं आणि 'आयकोकु' म्हणजे देशप्रेम. देशावर प्रेम करणारी माणसं त्या जहाजांवरही होतीच की!

आता जरा हिशेब मांडू. जपानी जहाजं प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. 'बेंगॉल' सातशे टनांच्या आतबाहेर. त्यांच्या प्रत्येकीवर १४ सेंटिमीटर तोंडाच्या आठ तोफा, शिवाय टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारे पाणतीर. त्यांच्या एकेका गोळ्याचं वजन ३८ किलो, म्हणजे तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढं! वेग? जपानी जहाजं ताशी २१ नॉट, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर. 'बेंगॉल' १५ नॉट, म्हणजे २८ किलोमीटर. 'ओंडिना' तर जेमतेम १२ नॉट, म्हणजे २२ किलोमीटर. दोघींनी पळ काढला असता, तरी तासाभरात गाठल्या गेल्या असत्या.

शत्रूच्या दिशेनं!

विल्सननी निर्णय घ्यायला वेळ लावला नाही. 'ओंडिना'ला त्यांनी दूर निघून जायचा इशारा केला. आणि स्वतःची बोट वळवली ती थेट शत्रूच्या दिशेनं!

यामागचा विचार नीट समजून घ्या हं. हा निव्वळ आततायीपणा नव्हता. 'बेंगॉल'ची तोफ लहान, तिचा मारा जवळूनच कामाचा. शिवाय समोरून येणारी अरुंद बोट नेम धरायला अवघड. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे शत्रू 'बेंगॉल'शी जितका वेळ गुंतून राहील, तितकी 'ओंडिना' लांब जाईल. राखणदार स्वतःला पुढे करून दुसऱ्यासाठी वेळ मिळवत होता.

अंतर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास आलं. साधारण मुंबईचं मरीन ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत असतं तेवढं. तोफा धडाडल्या. 'बेंगॉल'भोवती पाण्याचे खांब उसळू लागले. ती नागमोडी वळणं घेत पुढं सरकत होती आणि तिची बारा-पौंडी तोफ गोळ्यामागून गोळा सोडत होती.

तिकडे 'ओंडिना'नं काय केलं? ती गुपचूप निघून गेली नाही! एकट्या 'बेंगॉल'ला सोडून जाण्यापेक्षा तिच्या गोलंदाजांनीही मारा सुरू केला. ३२ गोळे, एकही वाया घालवून चालणार नव्हतं.

आणि अचानक 'होकोकु मारू'च्या मागच्या भागात प्रचंड आगीचा लोळ उठला! एक गोळा टॉर्पेडो ठेवलेल्या जागेजवळ लागला होता. आग पसरत गेली, स्फोट होऊ लागले आणि एक वाजून गेल्यावर थोड्याच वेळात ते दहा हजार टनांचं जहाज समुद्राच्या तळाशी गेलं. त्याचे कप्तान इमाझातो आणि पाऊणशेच्या आसपास खलाशी जहाजाबरोबरच गेले. विजयाच्या गोष्टी वाचताना ही माणसंही आपण विसरता कामा नये.

संकट संपलं नव्हतं

एक शत्रू बुडाला, पण दुसरा उभा होता. 'आयकोकु मारू'चा मारा सुरूच होता. 'बेंगॉल'लाही गोळे लागले. नवल म्हणजे तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही! पण तोफगोळे संपत आले होते. धुराचा पडदा उभारायचा प्रयत्न झाला. दोन्ही मित्र-जहाजांमध्ये आता कितीतरी मैलांचं अंतर पडलं होतं. 'ओंडिना'साठी आपल्याला करता येण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी विल्सन यांची समजूत झाली आणि 'बेंगॉल' तिथून निघाली.

त्यानंतर 'ओंडिना'वर जे ओढवलं, ते फार भयंकर होतं. तिचे सगळे गोळे संपले. 'आयकोकु मारू'चे गोळे तिच्यावर आदळू लागले. कप्तान विलेम होर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि त्याच सुमारास गोळ्याचा तुकडा लागून ते ठार झाले. बाकीचे लाइफबोटींत उतरले. जपानी जहाजानं जवळून टॉर्पेडो सोडले, त्यांतले दोन 'ओंडिना'च्या कुशीत घुसले. एवढ्यावरही थांबले नाहीत. लाइफबोटींतल्या निःशस्त्र माणसांवर मशीनगन चालवली गेली. काही जण तिथंच मारले गेले.

मग 'आयकोकु मारू' बुडालेल्या सोबत्याच्या खलाशांना वाचवायला गेली. त्यांतले अडीचशेहून जास्त जण तिनं पाण्यातून काढले. परत येऊन तिनं 'ओंडिना'वर आणखी एक टॉर्पेडो सोडला. तो हुकला. 'ओंडिना' एका अंगाला चांगलीच कलली होती. ती बुडणारच, असं समजून जपानी जहाज निघून गेलं.

पण 'ओंडिना' बुडली नाही! का बरं? कारण ती रिकामी होती. तेलवाहू जहाजाच्या पोटात एक मोठी टाकी नसते, अनेक वेगवेगळे कप्पे असतात. दोन-चार कप्पे फुटले, तरी बाकीचे हवेनं भरलेले कप्पे त्याला तरंगत ठेवतात. तेल भरलेलं असतं, तर मात्र ते पेटलं असतं.

हे पाहून लाइफबोटींतले काही जण धीर करून पुन्हा जहाजावर चढले. आग विझवली. कललेलं जहाज बरंचसं सरळ केलं. यंत्रं तपासली, तर चालू! जखमींना वर घेतलं आणि 'ओंडिना' रखडत रखडत फ्रीमँटलकडे निघाली. वाटेत एका इस्पितळ-जहाजाकडून जखमींसाठी मदत मिळाली. १८ नोव्हेंबरला ती बंदरात पोहोचली. त्याच सुमारास तिकडे 'बेंगॉल'ही दिएगो गार्सियाला पोहोचली आणि पुढे मुंबईला आली. राखणदार आणि ज्याची राखण करायची ते जहाज, दोघंही वाचले होते!

गोळा कुणाचा?

'होकोकु मारू'ला बुडवणारा तो गोळा नेमका कुणाचा होता? 'बेंगॉल'चा की 'ओंडिना'चा? यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. आपल्याकडे आणि इंग्रजांकडे 'बेंगॉल'चं नाव घेतलं गेलं, डचांनी 'ओंडिना'चं घेतलं. 'ओंडिना'ची तोफ मोठी असल्यामुळे अनेक अभ्यासकांचा कल तिच्याकडे आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड. 'बेंगॉल'नं 'ओंडिना'ला सोडून जायला हवं होतं का? गोळे संपत आलेली बोट थांबून काय करणार होती, असं एक जण म्हणेल. निदान लाइफबोटींतल्या माणसांच्या जवळ तरी असायला हवी होती, असं दुसरा म्हणेल. पण धुरात, मैलोगणती अंतरावरून, काही मिनिटांत निर्णय घेणाऱ्या माणसाला, आज आपल्याला जे माहीत आहे, ते माहीत नव्हतं. घरी आईबाबांशी या प्रश्नावर जरूर बोला. एकच उत्तर येईल असं नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. 'बेंगॉल' शत्रूकडे वळली नसती, तर 'ओंडिना'ला तोफ रोखायला उसंतच मिळाली नसती. आणि 'ओंडिना' लढली नसती, तर 'बेंगॉल' कदाचित परत आली नसती. दोघींनी एकमेकींना वाचवलं. गोळा कुणाचाही असो, लढाई दोघींची होती.

कप्तान विल्सन यांना ब्रिटिश सरकारनं डी. एस. ओ. हे मानाचं पदक दिलं. होर्समन यांना डच सरकारनं मरणोत्तर 'मिलिटरी विल्यम ऑर्डर' हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. 'आयकोकु मारू'चा शेवट फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांपाशी झाला. अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात तिचा स्फोट झाला. आणि आपली 'बेंगॉल'? स्वातंत्र्यानंतर ती भारतीय नौदलात राहिली आणि १९६० मध्ये मोडीत निघाली.

ते खलाशी कोण होते?

युद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्ही अगदी लहान होती. तिच्या खलाशांमध्ये कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी घराण्यांतल्या मुलांचा मोठा भरणा असे. युद्धात हे आरमार झपाट्यानं वाढलं आणि देशभरातून पोरं भरती झाली. पुस्तकांत कप्तानांची नावं सापडतात. पण बारा-पौंडी तोफेत गोळा भरणारे, इंजिनघरात घामानं निथळणारे, टेहळणीला डोळे ताणून उभे असणारे, यांची नावं फारशी कुणी घेत नाही.

युद्ध संपल्यावर याच आरमाराचे खलाशी, 'आम्हाला माणसासारखं वागवा' म्हणून फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत उठाव करून उभे राहिले. बेचव अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि रोजचा अपमान त्यांना आता सहन होत नव्हता. समुद्रावर शत्रूला न घाबरलेली ही माणसं साहेबाला कशाला घाबरतील?

तेव्हा दोस्तांनो, दोन कामं करा. पहिलं, नकाशाची वही काढा. त्यात फ्रीमँटल, कोकोस बेटं, दिएगो गार्सिया आणि मुंबई ही ठिकाणं शोधा आणि पेन्सिलीनं जोडा. मधला निळा रंग किती मोठा आहे ते बघा. त्यात एक १८६ फुटांची बोट कुठं दिसेल, कल्पना करा. दुसरं, सुट्टीत कोकणात गेलात, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. आपल्या घरातलं, वाडीतलं कुणी त्या युद्धात बोटीवर होतं का, ते विचारा. एखादं नाव मिळालं, तर वहीत लिहून ठेवा. इतिहासाच्या पुस्तकात ते कदाचित कधीच येणार नाही. तुमच्या वहीत तरी राहील.